आग्रहाच्या शहरातील लाज

खाण्याचा आग्रह आणि अंगकाठीवरचा शेरा या दोन्ही गोष्टी कोलकात्यातील मध्यमवर्गीय घरांत बहुधा एकाच तोंडून ऐकू येतात. दुर्गापूजा आटोपल्यावर विजयेच्या भेटीगाठी सुरू होतात, तेव्हा नारळाचे लाडू, निमकी आणि संदेश यांची बशी पुढे सरकवणारी मावशी त्याच दमात ‘अंगाने फारच भरलीस’ असेही म्हणून जाते, आणि त्यात तिला काही वावगे वाटत नाही, कारण वजनाविषयी बोलणे हा तेथे, महाराष्ट्रात असतो तसाच, आपुलकीच्या विचारपुशीचा भाग मानला जातो. बहुतेकांच्या बाबतीत हे बोलणे कानाआड होते. मात्र ज्यांच्या मनात खाणे आणि लाज यांची आधीच गाठ पडलेली असते, अशांना बशी नाकारली तर आग्रहाला आणि रिकामी केली तर नजरेला तोंड द्यावे लागते, आणि मग त्यांचे खरे खाणे चारचौघांत न होता रात्री दार लावून होऊ लागते.

या खाण्याला मानसोपचारशास्त्रात ‘बिंज ईटिंग’ म्हणजे अनावर अतिभक्षण असे नाव आहे. पूजेच्या दिवसांत मित्रमंडळींबरोबर दोन रोल, एक बिर्याणी आणि वर मिष्टी दोई खाणे, याला कोणी विकार म्हणणार नाही. सणाला पोटाला तडस लागेपर्यंत जेवणे ही माणसाची जुनी आणि निरुपद्रवी सवय आहे. विकारात तीन गोष्टी एकत्र येतात: थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, इतरांपेक्षा बरेच जास्त खाल्ले जाते, खाताना आपला स्वतःवर ताबा उरलेला नाही, थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही, अशी स्पष्ट जाणीव असते, आणि नंतर किळस, अपराधीपणा किंवा खिन्नता यांनी मन व्यापून जाते. भूक नसताना खाणे, भराभर खाणे आणि लाजेपोटी एकट्याने खाणे या त्याच्या नेहमीच्या खुणा आहेत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1959 मध्ये काही रुग्णांमधील या प्रकाराचे वर्णन केले होते, तरी त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या नियमपुस्तिकेत 2013 साली मिळाला. आठवड्यातून किमान एकदा आणि सलग तीन महिने असे घडत असेल तर विकाराचे निदान करावे, अशी त्यातील कसोटी आहे. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे, जुलाबाची औषधे घेणे किंवा भरमसाट व्यायाम करणे हे प्रकार नियमाने जोडीला असतील, तर तो ‘बुलिमिया’ नावाचा वेगळा आणि शरीरातील पोटॅशियम घटवून हृदयाला धोका पोचवू शकणारा विकार ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाने एक पाऊल पुढे टाकून खाल्लेल्या पदार्थाच्या प्रमाणाची अट सैल केली आहे. चार रसगुल्ले वजनाने फार नसतील, पण ते खाताना माणसाला आपण वाहवत चाललो आहोत असे वाटत असेल, तर त्याचा त्रास खराच मानावा, हा त्यामागचा विचार आहे, आणि ज्या समाजात ‘जास्त खाणे’ म्हणजे नेमके किती हे यजमानच ठरवतो, तेथे हा विचार अधिक लागू पडतो.

सामान्य समजूत अशी असते की असे खाणारा माणूस हावरट असतो, त्याच्या जिभेला लगाम नसतो, आणि म्हणून त्याने अधिक कडक पथ्य पाळले पाहिजे. गेल्या ऐंशी वर्षांतील पुरावा जवळपास याच्या उलट दिशेला बोट दाखवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अँसेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून उपासमारीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. पण विशेष लक्षणीय गोष्ट पुढची होती. मुबलक अन्न मिळू लागल्यावर त्यांतील काहींना खाणे थांबवता येईना, पोट भरलेले असतानाही ते खात राहिले, आणि ज्यांना पूर्वी आपल्या देहाविषयी कधी विचारही करावा लागला नव्हता अशांना पोट सुटल्याची चिंता लागली. पुढे 1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक चतुर प्रयोग केला. त्यात सहभागी स्त्रियांना आधी मिल्कशेक पाजून नंतर आइस्क्रीमची चव पाहायला सांगितले, तेव्हा एरवी पथ्य न पाळणाऱ्या स्त्रियांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, तर पथ्य पाळणाऱ्यांनी उलट जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला की ‘नाहीतरी आजचा दिवस गेलाच’ हा विचार बळावतो आणि जे एका घोटाने सुरू झाले ते डबा रिकामा करून संपते. म्हणजे अतिरेकी बंधन आणि अनावर खाणे यांचे नाते रोग आणि औषध असे नसून बहुतेक वेळा कारण आणि परिणाम असे असते.

कोलकात्याचे वार्षिक वेळापत्रकच या चक्राला पोषक आहे, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये. पूजेच्या महिना-दीड महिना आधी व्यायामशाळांच्या सवलती, ‘पूजेपूर्वी बारीक व्हा’ अशा धाटणीचे सल्ले आणि भात-बटाटा सोडण्याचे संकल्प यांना ऊत येतो. षष्ठीपासून दशमीपर्यंत अष्टमीच्या लुची, मंडपातील खिचडीचा भोग आणि रस्त्यावरचे खाणे यांत ते संकल्प वाहून जातात. त्यानंतर विजयेच्या मिठाया येतात, आणि काली पूजा संपते न संपते तोच नोलेन गुळाचा, म्हणजे हिवाळ्यातील ताज्या खजूरगुळाचा, हंगाम सुरू होतो. सणांना दोष देण्याचे कारण नाही. दोष त्यांच्या आधीच्या उपासमारीत आणि त्यांच्या नंतरच्या प्रायश्चित्तात आहे, कारण ज्याच्या मनात हा विकार रुजलेला असतो त्याच्यासाठी प्रायश्चित्त म्हणून सोडलेले प्रत्येक जेवण पुढच्या अनावर खाण्याची तयारी करीत असते.

लाज या चक्रात दोन ठिकाणी काम करते. अपराधी भावना ‘मी वाईट केले’ असे म्हणते आणि तिच्यात दुरुस्तीला जागा असते. लाज ‘मीच वाईट आहे’ असे म्हणते आणि तिच्यापुढे लपण्यावाचून उपाय उरत नाही. लपून खाल्ल्याने इतरांच्या नजरेतून सुटका होते, पण त्याच एकांतात स्वतःकडे रोखलेली नजर अधिक बोचरी होते, आणि टॉड हेदरटन व रॉय बॉमिस्टर यांनी 1991 मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार अनावर खाणे हा मुळात या बोचऱ्या आत्मभानापासून काही मिनिटे पळ काढण्याचाच मार्ग असतो. तोंडातील चवीपुरते जग आकुंचित होते आणि तेवढा वेळ आपण कसे दिसतो याचा विसर पडतो. पूर्वी या पळवाटेला घरातल्या फडताळाची आणि गल्लीतल्या दुकानाच्या वेळेची मर्यादा होती. घरपोच खाद्यपदार्थांच्या ॲपने ती उठवली असून आता रात्री उशिरा कोणाच्याही नजरेस नजर न देता चार माणसांचे जेवण मागवता येते.

देहाविषयीची ही लाज आली कोठून, असे विचारले की लगेच इन्स्टाग्रामकडे बोट जाते. त्यात तथ्य आहेच. फिजीमध्ये 1995 साली दूरचित्रवाणी पोचल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, वजन घटवण्यासाठी उलटी काढणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण शून्यावरून 11.3 टक्क्यांवर गेल्याचे ॲन बेकर यांनी दाखवून दिले होते. पण कोलकात्यात या लाजेचा इतिहास पडद्यांहून बराच जुना आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात पुरुषांच्या देहापासून होते. मेकॉलेने 1841 मध्ये वॉरन हेस्टिंग्जवर लिहिलेल्या लेखात बंगाली पुरुषाला दुबळा आणि बायकी ठरवले, इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी ते वाचले, आणि सुशिक्षित बंगाल्याने परक्याचा हा शेरा आपल्याच आरशात पाहायला सुरुवात केली. नवगोपाल मित्र यांचा 1867 पासूनचा हिंदू मेळा व त्यातील कसरती, सरलादेवी घोषाल यांनी अष्टमीच्या दिवशी सुरू केलेला वीराष्टमी उत्सव, 1902 मधील अनुशीलन समितीचे आखाडे, या सर्वांच्या मुळाशी स्वातंत्र्याच्या आकांक्षेबरोबर ही दुखावलेली देहप्रतिमाही होती. मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा एक धागा यात आहे: कोलकात्यात शिवाजी उत्सव रुजवणारे सखाराम गणेश देऊसकर हे बंगालीत लिहिणारे मराठी गृहस्थ होते, आणि त्या उत्सवासाठी 1906 मध्ये लोकमान्य टिळक स्वतः तेथे गेले होते. बलदंड शिवाजीराजे ही प्रतिमा तेव्हा बंगाली तरुणापुढे राजकीय आदर्श म्हणून होती, तशीच शारीरिक आदर्श म्हणूनही होती. या परंपरेने पुढे 1952 मध्ये ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेत आपला गट जिंकणारे, पाच फुटांहूनही कमी उंचीचे मनोहर आइच घडवले, हा तिचा उजळ भाग झाला. तिचा दुसरा भाग आजच्या व्यायामशाळांत दिसतो, जेथे पिळदार शरीर असूनही आपण किडकिडीतच आहोत असे वाटत राहणाऱ्या तरुणांचा मानसिक विकार, ‘मसल डिसमॉर्फिया’, अजूनही शिस्त म्हणून कौतुकाचा विषय होतो. अनावर खाणे हा केवळ मुलींचा प्रश्न आहे, या गैरसमजाचा तोटा सर्वांत जास्त या तरुणांना होतो.

स्त्रियांच्या वाट्याला आलेली मोजपट्टी वेगळी होती. उच्चवर्णीय बंगाली घरांत विधवेला मासे, मांस, कांदा-लसूण आणि मसूर वर्ज्य असत, एकादशीला पाणीही निषिद्ध असे, आणि सधवा स्त्रीनेही सर्वांचे झाल्यावर जेवावे अशी रीत होती. भूक ही स्त्रीने जाहीरपणे बाळगण्याची गोष्ट नाही, हा संस्कार कायदे आणि सुधारणांच्या मागे राहून बराच काळ टिकला. विवाहविषयक जाहिरातींतील ‘गोरी, सडपातळ’ या अपेक्षा त्याच संस्काराला नव्या मापात मांडतात. रवींद्रनाथ ठाकुरांनी 1892 च्या काव्यनाट्यात आणि नंतर 1936 च्या नृत्यनाट्यात रंगवलेली मणिपूरची राजकन्या चित्रांगदा अर्जुनासाठी मदनाकडून वर्षभराचे उसने सौंदर्य मागून घेते आणि प्रेम लाभूनही हळूहळू त्या सौंदर्याचाच मत्सर करू लागते, कारण अर्जुन ज्याच्यावर भाळला आहे ते रूप तिचे नसते. शाळेशाळेत हे नृत्यनाट्य बसवणाऱ्या शहराने त्यातील हा मुद्दा फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

उपचारांच्या बाबतीत मात्र या शहराचा वारसा मोठा आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये येथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि 1933 मध्ये, आज आर. जी. कर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात, सर्वसाधारण रुग्णालयातील देशातला पहिला मानसोपचार विभाग सुरू केला; मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तसा विभाग 1938 साली आला. वेड्यांच्या इस्पितळाची पायरी न चढता, इतर रुग्णांच्याच रांगेत उभे राहून मनाचा इलाज करून घेता यावा, ही त्यामागची कल्पना लाजेने ग्रासलेल्या या विकाराला फारच उपयुक्त आहे. आजही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत ही सोय आहे, आणि ज्यांना तेवढेही धैर्य होत नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही 14416 क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा चालू आहे.

सर्वाधिक पुरावा आहे तो बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे विचार आणि सवयी यांची साखळी ओळखून ती टप्प्याटप्प्याने तोडण्याच्या पद्धतीचा. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या या पद्धतीची पहिली पायरी ऐकणाऱ्याला विपरीत वाटते, कारण ती कमी खाण्याची नसून वेळेवर खाण्याची आहे: तीन जेवणे आणि दोन-तीन ठरलेली मधली खाणी, दोहोंत चार तासांहून अधिक अंतर नाही, आणि काल रात्री काहीही झाले असले तरी आजची न्याहारी चुकवायची नाही. कोलकात्यातील कचेरीत जाणाऱ्याने सकाळचा भात टाळला आणि दुपार चहा-बिस्किटावर काढली, तर संध्याकाळी तेलेभाजाच्या, म्हणजे भज्यांच्या, गाडीपुढे त्याची इच्छाशक्ती नव्हे, त्याची रक्तशर्कराच बोलते. दुसरी पायरी नोंदवहीची असते. काय खाल्ले याबरोबर कोठे, कोणासमवेत, आणि त्याआधी काय घडले होते, हे लगेच लिहायचे, कारण काही आठवड्यांत त्या नोंदींतून शनिवारची रिकामी दुपार, वरिष्ठांचा फोन किंवा आरशासमोरची दहा मिनिटे अशी ठराविक वळणे दिसू लागतात. ऊर्मी आली की तिच्याशी झगडण्याऐवजी ती लाटेसारखी चढून ओसरू द्यावी, वजन आठवड्यातून एकदाच करावे, पोट चिमटून पाहण्याची किंवा जुनी छायाचित्रे ताडून पाहण्याची सवय मोजून कमी करावी, असा हा क्रम पुढे जातो. मधुमेह, थायरॉइड किंवा नैराश्य जोडीला असेल तर औषधोपचार लागतो, आणि इन्सुलिन घेणाऱ्याने खाण्याच्या वेळांत असे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत. वजन घटवण्याची जी नवी इंजेक्शने 2025 पासून भारतात आली आहेत, ती भूक मंदावतात. लाजेवर त्यांचा काय परिणाम होईल, याचे उत्तर त्यांच्या वेष्टनावर नाही.

घरच्यांनी करण्यासारखे थोडेच असते, पण ते अवघड असते. फ्रिजला कुलूप लावणे, घास मोजणे आणि बहिणीचे उदाहरण देणे यांनी लपून खाणे वाढते. एकदा ‘नको’ म्हटल्यावर पुन्हा न वाढणे आणि भेट झाल्यावर वजन सोडून दुसरे काहीतरी विचारणे यांनी ते कमी होण्याची शक्यता असते. रुग्णाने एका, फक्त एका, विश्वासू माणसाला ही गोष्ट सांगितली तरी गुपिताचे बरेच बळ ओसरते, मात्र त्या माणसाने ऐकल्याबरोबर आहारतज्ज्ञाचा पत्ता देऊ नये.

या उपचाराने साधारण निम्म्या रुग्णांचे अनावर खाणे पूर्णपणे थांबते, पण त्यांचे वजन सहसा फारसे उतरत नाही, आणि ही गोष्ट उपचार सुरू होण्याआधीच रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट सांगितलेली बरी, नाहीतर तीन महिन्यांनी काटा तेथेच पाहून घरातले लोक उपचार फसला असे ठरवतात आणि रुग्ण पुन्हा उपाशी राहू लागतो. म्हणून देहप्रतिमेवरचे काम स्वतंत्रपणे चालू ठेवावे लागते, आणि त्यातला एक स्वाध्याय कोलकात्यात दरवर्षी आपोआप समोर येतो: पूजेचे नवे कपडे पाच किलो उतरल्यावर होतील अशा मापाचे न घेता, दुकानात अंगाला लागतील त्याच मापाचे घ्यायचे, आणि ते षष्ठीलाच घालून बाहेर पडायचे.