मालाला ब्रेक नसतो

तारापूर औद्योगिक वसाहतीतून रसायनांची पिंपे, कापडाचे तागे, तारेची वेटोळी घेऊन निघालेले टेम्पो बोईसर-चिल्हार मार्गाने राष्ट्रीय महामार्ग ४८ गाठतात. पालघरहून निघालेले वाघोबा खिंड ओलांडून मनोरला उतरतात. 'छोटा हत्ती' म्हणून ओळखले जाणारे वाहन २००५ साली आले आणि लहान व्यापाऱ्याचा थोडाथोडका मालही दारातून दारात जाऊ लागला. माल चढताना नग मोजले जातात, ई-वे बिल तपासले जाते. तो बांधला कसा, हे मात्र क्वचितच कोणी पाहते.

चालक ब्रेक दाबतो तेव्हा थांबते ते वाहन. माल आपल्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. २०० लिटरची तीन भरलेली पिंपे पाण्याच्या हिशेबाने धरली तरी ६०० किलोंची होतात. युरोपीय मानकानुसार पुढच्या दिशेने वजनाच्या ८० टक्के, म्हणजे येथे ४८० किलोंचा, आणि बाजूंना व मागे निम्म्या वजनाचा जोर पेलेल अशी बांधणी हवी. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. आणि पिंपांच्या पुढे असतो तो केबिनचा पातळ पत्रा व त्याला पाठ टेकून बसलेला चालक. 'माल जड आहे, हलणार नाही' ही समजूत येथेच घात करते.

ताडपत्रीवरून आवळलेला दोर पावसापासून रक्षण करतो, घसरण्यापासून नव्हे. जड नग तळाशी, केबिनच्या भिंतीला भिडवून ठेवावेत. मधल्या पोकळीत लाकडी ठोकळे बसवावेत. पिंपे उभीच असावीत, खाली रबरी चटई आणि भोवती हौद्याच्या कड्यांत अडकवलेला रॅचेटचा पट्टा. गोल वेटोळ्यांना दोन्ही बाजूंनी पाचर हवी. काही किलोमीटरांनंतर माल बसतो आणि पट्टा सैल पडतो. म्हणून खिंड चढण्यापूर्वी तो पुन्हा ताणावा लागतो. मालाच्या थप्पीवर हमाल बसवण्याची प्रथा तर अक्षम्यच.

घातक रसायनांपुरता विचार केला, तर धोक्याची माहिती वाहतूकदाराला देण्याची जबाबदारी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १३१ व्या नियमाने माल पाठवणाऱ्यावरच टाकली आहे. अपुऱ्या वेष्टनामुळे झालेले नुकसानही मालवाहतूक विम्यातून सामान्यतः वगळलेले असते. तेव्हा भाडे ठरवतानाच पट्टे कोणी आणायचे, हेही ठरवून घेतलेले बरे.