नदीकाठची लपलेली डबी

मागे एकदा वर्गात मी मुलांना विचारले, "आपल्या गावची नदी कोठून येते आणि कोठे जाते?" रोज पुलावरून शाळेत येणाऱ्या त्या मुलांपैकी एकालाही नीट उत्तर देता आले नाही. दोष केवळ मुलांचा नव्हे. आम्ही त्यांना नदी शिकवली ती नकाशावरची निळी रेघ म्हणून. तिच्या काठाने त्यांना चालवले नाही. ही उणीव एका खेळाने थोडीफार भरून निघेल काय, याचा आज विचार करू.

त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग. एकाने डबी लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करावयाचे. इतरांनी उपग्रहांच्या साहाय्याने ती शोधून आतील वहीत नाव नोंदवावयाचे आणि डबी होती तशीच परत ठेवावयाची. २ मे २००० रोजी अमेरिकेने आपल्या जी. पी. एस. उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटरनी फसविणारे यंत्र एकाएकी पुष्कळच अचूक झाले. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ डेव्ह अल्मर यांनी वही, पेन्सिल व काही किरकोळ वस्तू घातलेली बादली रानात ठेवली आणि तिचा ठाव इंटरनेटवर कळविला. तेथून हा खेळ जगभर पसरला.

कल्पना मात्र याहून जुनी आहे. इंग्लंडात डार्टमूरच्या दलदलीच्या पठारावर क्रॅनमिअर नावाची एकाकी जागा आहे. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तेथे एक बाटली ठेवली. कष्टाने तेथवर पोहोचणाऱ्याने तीत आपले नावाचे कार्ड टाकावे. मौज अशी की, याच परिसरात अनेक नद्या उगम पावतात. टॉ आणि ओकमेंट उत्तरेकडच्या समुद्राची वाट धरतात, तर डार्ट आणि टॅव्ही दक्षिणेकडच्या. बाटली शोधावयास गेलेला माणूस नकळत जलविभाजकावर उभा राहत असे!

असा जलविभाजक आपल्यालाही परका नाही. खानापूर तालुक्यातच देगावजवळ उगम पावणारी म्हादई पश्चिमेस वळून मांडवी या नावाने पणजीपाशी अरबी समुद्रास मिळते. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेस जाऊन कृष्णेला, आणि तिच्यासवे बंगालच्या उपसागराला मिळते. या पाण्याचा तंटा २०१८ च्या लवादाच्या निवाड्यानंतरही न्यायालयात गेला, हे आपण जाणतोच. तंट्याचे नाव मुलांच्या कानी पडते. नदीची ओळख मात्र होत नाही.

तेव्हा शाळेने नदीकाठच्या पायवाटेवर चार-पाच ठिकाणे निवडावीत. पहिल्या ठिकाणी प्रश्न असावा : पुलाला कमानी किती? तो आकडा पुढच्या ठिकाणाच्या अक्षांशातील रिकाम्या जागी घातला की वाट सापडते. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, त्याचा हजारावा भाग दोन मीटरांहूनही कमी. गणिताचा असा धडा फळ्यावर कोठून मिळणार? पुढे वळणापाशी विचारावे : कोणता काठ खचतो आहे? बाहेरच्या बाजूस प्रवाह वेगवान, म्हणून तेथे माती कापली जाते. आतल्या बाजूस तो मंदावतो, म्हणून वाळू साठते. उजवा काठ कोणता, हे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवावयाचे, हेही तेथेच कळते. डबीवाचून केवळ निरीक्षणाने उत्तर शोधण्याचा 'अर्थकॅश' हा प्रकार २००४ पासून रूढ आहे. जेथे डबी ठेवणे योग्य नाही, तेथे तोच बरा.

पथ्येही आहेत. जागेच्या मालकाची अथवा वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. डबीत खाद्यपदार्थ नसावेत, नाहीतर जनावरे ती फोडतील. डबी पुराच्या रेषेच्या वर ठेवावी आणि पावसाळ्यात खेळ बंद असावा. दाट झाडीत व अरुंद खोऱ्यात संकेत अडतात किंवा परावर्तित होतात. म्हणून शेवटची काही पावले यंत्रापेक्षा डोळ्यांवर विसंबावे.

आणि खरे पाहता खेळाचे मर्म त्या शेवटच्या पावलांतच आहे. डबीत मिळणार काय? एक वही आणि पेन्सिल. पण तेथवर चालत गेलेले मूल आपली नदी कोठून येते, हे मग कोणाला विचारणार नाही; ते दुसऱ्याला सांगेल. आणि जिची ओळख पटली, तिची काळजी वाटू लागते.