गिगाहर्ट्‌झची शर्यत

संगणकाच्या जाहिरातीत 'इतके गिगाहर्ट्‌झ' असा आकडा आपण वाचतो. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते पाहू.

प्रोसेसरचे काम एका घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. एक गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. अशा दोन ठोक्यांच्या दरम्यान प्रकाशसुद्धा जेमतेम ३० सेंटिमीटर अंतर कापतो! हा टप्पा आधी कोण गाठणार, याबद्दल इंटेल आणि एएमडी या अमेरिकी कंपन्यांत मोठी चुरस होती. ६ मार्च २००० रोजी एएमडीने एक गिगाहर्ट्‌झचा ॲथलॉन जाहीर केला. दोनच दिवसांनी इंटेलने तितक्याच वेगाचा पेंटियम-३. जुलैअखेर इंटेलने घाईने १.१३ गिगाहर्ट्‌झची चिप आणली. पण काही प्रोग्रॅम चालवताना ती चुकते, असे बाहेरच्या परीक्षकांना आढळले आणि महिन्याभरातच ती परत घ्यावी लागली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेंटियम-४ आला. ठोके वाढवण्याची त्याची युक्ती समजण्यासाठी पंगतीच्या पुऱ्या आठवू. एकजण गोळे करतो, दुसरा लाटतो, तिसरा तळतो. कामाचे आणखी बारीक टप्पे पाडले, की प्रत्येक टप्पा लवकर उरकतो आणि ठोके भराभर देता येतात. पेंटियम-३ मध्ये असे सुमारे १० टप्पे होते, पेंटियम-४ मध्ये २०.

पण ऐनवेळी 'पुऱ्या नकोत, पोळ्या करा' असा निरोप आला तर? रांगेतले सगळे वाया! प्रोसेसरवर ही वेळ वारंवार येते. 'जर असे असेल, तर हे कर' अशी सूचना आली, की उत्तर मिळण्याआधीच तो अंदाजाने पुढचे काम सुरू करतो. अंदाज चुकला तर ते टाकून द्यावे लागते. रांग जितकी लांब, तितके नुकसान अधिक. त्यामुळे १.५ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम-४ काही कामांत एक गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम-३ च्याही मागे पडला.

शिवाय ठोके वाढले, तशी उष्णताही वाढली. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम-४ चा बेत सोडला. २००६ साली आलेल्या कोअर-२ चे ठोके ३ गिगाहर्ट्‌झच्या आत होते, टप्पेही कमी होते. तरी काम मात्र जास्त होई.

वर्गात हे गणित घालून पाहा. एक प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके देतो, पण दोन ठोक्यांत एक सूचना पुरी करतो. दुसरा २०० कोटी ठोके देतो आणि दर ठोक्याला एक सूचना पुरी करतो. वेगवान कोणता?