शिरस्त्राणातील संगीत : हिमगाडीवरील श्रवणाचा एक विचार

बर्फावरून रबरी पट्ट्याच्या साहाय्याने धावणाऱ्या आणि पुढील दोन पट्ट्यांनी वळणाऱ्या यंत्रगाडीस इंग्रजीत स्नोमोबिल म्हणतात. येथे तिला हिमगाडी म्हटले आहे. क्वेबेक प्रांतातील व्हालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९३७ मध्ये पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळवले व १९५९ मध्ये एक-दोन माणसांची हलकी ‘स्की-डू’ बाजारात आणली. त्यानंतर कॅनडा, अमेरिकेचे उत्तरेकडील प्रांत आणि स्कँडिनेव्हिया येथे ही गाडी हिवाळी जीवनाचा भाग झाली. तिच्यावर दिवसाचे चार-पाच तास काढणारे अनेक स्वार शिरस्त्राणात, म्हणजे हेल्मेटमध्ये, कानाशी लहान चपटे स्पीकर बसवून संगीत ऐकतात. वरवर पाहता हा हौसेचा विषय आहे. परंतु गोंगाटात मनुष्याचा कान काय राखतो, काय गमावतो आणि गमावलेले कशाने भरून काढतो, या ध्वनिविज्ञानातील जुन्या प्रश्नाचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम गोंगाटाचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटास ७८०० फेरे घेत असेल, तर सेकंदास १३० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणून सेकंदास २६० स्फोट होतात. ही कंपनसंख्या पेटीवरील मध्य सप्तकाच्या पांढरी एकच्या अगदी जवळची आहे. तात्पर्य, स्वार जे गाणे ऐकू पाहतो त्याच्या खाली एक अखंड आणि बेसूर तंबोरा वाजत असतो, व वेग बदलला की त्याचा षड्जही सरकतो. त्यात पट्ट्याची खडखड आणि वाऱ्याचा आवाज मिसळतो. मोटारसायकलस्वारांवर झालेल्या मोजणीत ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या पुढे शिरस्त्राणाच्या आत केवळ वाऱ्यामुळे ९० डेसिबेलच्या वर पातळी आढळली आहे. हिमगाडीच्या स्वारास वारा वेगळा लागत नाही. १९७५ नंतरच्या प्रमाणित गाड्यांना पूर्ण वेगात १५ मीटर अंतरावर ७८ डेसिबेलची मर्यादा आहे खरी. परंतु ती मर्यादा रस्त्याकडेच्या माणसासाठी आहे. ताज्या बर्फाचा सच्छिद्र थर ध्वनी शोषतो, त्याचा लाभही त्यालाच. इंजिन ज्याच्या गुडघ्यांमध्ये आहे त्याला नाही.

शिरस्त्राणाने आवाज अडत असेल, हा समज अर्धाच खरा आहे. आतील फेसाचा थर तीव्र, म्हणजे उच्च कंपनसंख्येचे, ध्वनी बऱ्यापैकी रोखतो. खर्जातील घुमघुम मात्र हनुवटीखालच्या फटीतून व कवचातून आत येते. संगीताच्या दृष्टीने ही व्यवस्था वाईट आहे. वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्ये दाखविल्याप्रमाणे खालचा स्वर वरच्या स्वरास जितका झाकतो तितका वरचा खालच्यास झाकत नाही, आणि खालच्या स्वराची पातळी चढत गेली की त्याचे आच्छादन वरच्या दिशेने अधिकाधिक पसरते. म्हणून खर्जाचा गोंगाट केवळ गाण्यातील खर्ज नाहीसा करून थांबत नाही. तो वर चढून शब्दांनाही गाठतो.

शब्दांमध्ये प्रथम काय जाते? स्वर जात नाहीत. त्यांत शक्ती अधिक असते. व्यंजने जातात, पण तीही सरसकट नव्हेत. मिलर व नाइसली यांनी १९५५ मध्ये इंग्रजी व्यंजनांवर केलेल्या प्रयोगांत घोष-अघोष भेद आणि अनुनासिकत्व हे गोंगाटात दीर्घकाळ टिकतात, तर उच्चारस्थानाचा भेद लवकर पुसला जातो असे दिसून आले. हा निष्कर्ष मराठीस लावून पाहिला, तर ‘पाट’ व ‘बाट’ यांतील भेद कानास उरेल. ‘पाट’, ‘ताट’ आणि ‘काट’ यांचा मात्र घोटाळा होईल. प्राचीन शिक्षाकारांनी व्यंजनांची मांडणी स्थानांवरून केली. त्यांचे लक्ष मुखाकडे होते. गोंगाटात ऐकणाऱ्याच्या कानावरून वर्गीकरण करावयाचे झाल्यास वर्गांच्या या उभ्या-आडव्या रांगांचे महत्त्व उलटे लागते, हे भाषेच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

असे असूनही स्वार गाणे ऐकतो आणि त्याला ते पूर्ण वाटते. याची दोन कारणे सांगता येतात. एक, मूलस्वर नाहीसा झाला तरी त्याचे वरचे उपस्वर शिल्लक असल्यास कान त्याच मूलस्वराची प्रतीती करून घेतो. शाउटेन यांचे १९४० च्या आसपासचे संशोधन या बाबतीत पायाभूत मानले जाते. दुसरे कारण भाषाशास्त्रास अधिक जवळचे आहे. रिचर्ड वॉरेन यांनी १९७० मध्ये वाक्यातील एक ध्वनी कापून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. श्रोत्यांना तो ध्वनी ऐकू आला. जेथे नुसती शांतता ठेवावी तेथे उणीव जाणवते. जेथे गोंगाट असतो तेथे मन ती भरते. परंतु भरण्यासाठी मनाजवळ आधी काही असावे लागते. म्हणूनच पाठ असलेले गाणे इंजिनातूनही ऐकू येते, आणि त्याच पातळीवर लावलेले अपरिचित गाणे नुसता कलकलाट वाटते. हिमगाडीवर नवी रचना ऐकण्याचा खटाटोप कोणी करू नये, हे ओघाने आलेच.

आता खऱ्या हानीकडे वळावे. गोंगाटात बोलणारा नकळत आवाज चढवितो, हे फ्रेंच कर्णवैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदविले. स्वार बोलत नाही, तो स्पीकरचा आवाज चढवितो, वृत्ती तीच. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या १९९८ च्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेल पातळी आठ तास सहन करण्याजोगी धरावी आणि प्रत्येक ३ डेसिबेल वाढीस काळ निम्मा करावा. म्हणजे ९१ डेसिबेलला दोन तास. या गोंगाटावर मात करण्यासाठी स्वाराने संगीत ९४ वर नेले, तर दोन्ही मिळून सुमारे ९६ होतात, आणि दोन तासांचे जेमतेम चाळीस मिनिटे उरतात. संध्याकाळी कान बधिर वाटतात, सकाळी बरे होतात; हा क्रम वर्षानुवर्षे चालला की ते एके दिवशी बरे होत नाहीत. पहिला ऱ्हास उच्च कंपनसंख्यांत होतो, म्हणजे पुन्हा व्यंजनांवरच घाला. उत्तर कॅनडातील व लॅपलंडमधील ज्या समाजांत हिमगाडी हे करमणुकीचे नव्हे तर रेनडियर राखण्याचे अथवा शिकारीचे साधन झाले (लॅपलंडमधील या स्थित्यंतराचा वृत्तांत पेर्टी पेल्टो यांच्या १९७३ च्या ग्रंथात आहे), तेथे बहिरेपणाचा विचार करताना बंदुकीबरोबर या यंत्राचेही नाव घेतले जाते. सामी लोकांचे ‘योइक’ गायन प्रवासात व कळपामागे चाले. घसरगाडीवरचा गायक स्वतःचा आवाज ऐकू शकत होता.

उपाय विचित्र आहे : कान बंद करून संगीत ऐकावे. साधे बोळे घातल्यास गोंगाट व गाणे दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरतात, तरीही शब्द पुष्कळदा अधिक स्पष्ट होतात. कारण पातळी उतरली की वर पसरणारे आच्छादनही आटोपते. कानात घट्ट बसणारे श्रवणयंत्र त्याहून श्रेयस्कर, कारण ते गोंगाट अडवून गाणे आतच निर्माण करते आणि आवाज चढविण्याचे कारण उरत नाही. प्रतिध्वनिलहरीने गोंगाट खोडण्याची युक्ती, जिचे पेटंट पाउल ल्यूग यांना १९३६ मध्ये अमेरिकेत मिळाले, खर्जावरच उत्तम चालते व इंजिनास नेमकी लागू पडते. मात्र थंडीत विद्युत्घटाची शक्ती घटते, ही अडचण राहते.

बंद कानांस आक्षेप घेतला जातो तो असा, की समोरून येणारी गाडी किंवा सोबत्याची हाक ऐकू येणार नाही. आक्षेप रास्त आहे, पण चालत्या गाडीवर त्या हाकेस संगीताच्या आधी इंजिनानेच गिळलेले असते. रस्ता ओलांडण्यापूर्वी थांबून, इंजिन व गाणे दोन्ही बंद करून ऐकणे हाच त्यावरील इलाज होय. स्वारांनी स्वतः हे ओळखून हस्तसंकेतांची एक छोटी भाषा प्रचारात आणली आहे. उजव्या हाताचा अंगठा वेगाच्या खटक्यावर गुंतलेला, म्हणून सर्व चिन्हे डाव्या हाताची : हात सरळ वर म्हणजे थांबा, कोपर वाकवून अंगठा मागे दाखविला म्हणजे मागे आणखी गाड्या आहेत, मूठ मिटली म्हणजे ही शेवटची. या भाषेची एक मर्यादा आहे. ती मागच्याला सांगते आणि समोरून येणाऱ्याला सांगते. मागून पुढच्याला काही सांगू शकत नाही. ही उणीव शिरस्त्राणातील संभाषणयंत्र भरून काढते. ते सोबत्याचा शब्द आला की संगीत दबवते किंवा थांबवते. तो शब्द ज्या कानात पडतो तेथे ‘पाट’ आणि ‘ताट’ एकच आहेत, म्हणून त्या यंत्रावर बोलताना संपूर्ण वाक्यांपेक्षा आधी ठरवलेले, परस्परांशी न जुळणारे थोडे शब्दच उपयोगी पडतात. वैमानिकांसाठी १९५६ मध्ये स्वीकारलेली अक्षरनामांची मालिका याच तत्त्वावर निवडली गेली. मराठी स्वारास ‘उजवे’ आणि ‘डावे’ ही जोडी आयतीच मिळालेली आहे, कारण आरंभीचा स्वर आणि व्यंजन यांतच ती दूर पडते.