शाळिग्रामाच्या वयाचा हिशेब

तुळशीच्या लग्नात ज्या घरी शाळिग्राम नवरदेव होऊन पाटावर बसतो, त्या घरचा नवरदेव सह्याद्रीच्या दुपटीहून मोठा असतो. रायगड ज्या कातळावर उभा आहे आणि अजिंठ्याची लेणी ज्या कातळात कोरली, तो काळा बसाल्ट साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. नेपाळात काळी गंडकीच्या पात्रात सापडणारे चक्रांकित गोटे मात्र 14 ते 16 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलातले. हा गोटा घडला तेव्हा सह्याद्री नव्हता, हिमालय नव्हता आणि गंडकीही नव्हती.

शाळिग्रामावरचं चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा. माखूळ आणि ऑक्टोपस यांच्या नात्यातला हा प्राणी गुंडाळलेल्या शंखात राहायचा. मेल्यावर शंख तळाच्या काळ्या चिखलात रुतला, त्याच्याभोवती खनिजं जमून घट्ट गाठ तयार झाली आणि चिखलाचा मऊ शेल दगड झाला तरी ही गाठ त्याहून टणक राहिली. नदी शेल झिजवते, गाठी सुट्या होतात आणि गोल होत पात्रात येतात. काही चक्रांत सोनेरी चमक दिसते, ती लोह आणि गंधकाच्या पायराइट या खनिजाची.

या गोट्यांची ओळख पटवण्याची पहिली पद्धत भूशास्त्रापेक्षा कितीतरी जुनी आहे आणि तीही मोजणीचीच. पुराणांतल्या वर्गीकरणात एक चक्र असलं तर सुदर्शन, दोन असली तर लक्ष्मीनारायण, पाच असली तर वासुदेव, असं करत बारापर्यंत नावं आहेत. त्याच्या पुढची सगळी चक्रं अनंताच्या खात्यात जातात. ही चक्रं वज्रकीटक नावाच्या किड्याने कोरली, अशीही श्रद्धा आहे. म्हणजे दगडातल्या वेटोळ्याशी कुठल्यातरी जिवाचा संबंध आहे, हे तेव्हाही बघणाऱ्याच्या लक्षात आलं होतं.

दुसरी पद्धत भिंगाची. गुंडाळलेला शंख दिसला म्हणून तो अमोनाइटच असेल असं नाही, गोगलगायीचा शंखही गुंडाळलेलाच असतो. फरक आत आहे. गोगलगायीचा शंख म्हणजे टोकापर्यंत मोकळी नळी. अमोनाइटच्या शंखात मात्र आडव्या पडद्यांनी पाडलेले कप्पे असतात. प्राणी शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात राहायचा आणि वाढेल तसा मागे नवा पडदा घालायचा. मागच्या कप्प्यांतला वायू त्याला पाण्यात तरंगायला मदत करी. सगळ्या कप्प्यांतून एक बारीक नळी जाते. ती अमोनाइटमध्ये वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेला असते, तर आजही जिवंत असलेल्या नॉटिलसमध्ये पडद्याच्या मध्यावर. पडदा शंखाच्या भिंतीला जिथे चिकटतो, तिथली रेषा नॉटिलसमध्ये साधी बाकदार असते आणि अमोनाइटमध्ये चांगलीच नागमोडी, फाटे फुटलेली. ही रेषा, शंखावरच्या कंगोऱ्यांची ठेवण आणि वेटोळ्याची जाडी एवढ्यावरून तज्ज्ञ प्रजातीपर्यंत पोहोचतात. गंडकीच्या गोट्यांत ब्लॅनफोर्डिसेरास, हॅप्लोफिलोसेरास यांसारख्या प्रजाती ओळखल्या गेल्या आहेत.

प्रजाती कळली की वय कळायला लागतं. अमोनाइट झपाट्याने बदलत गेले आणि समुद्रांतून दूरवर पसरले, त्यामुळे कुठल्या थरात कुठला अमोनाइट आहे यावरून थरांचा क्रम लावता येतो. आल्बर्ट ओपेल या जर्मन अभ्यासकाने 1856 ते 1858 या काळात जुरासिक खडकांची अशी विभागणी केली. हिमालयात स्पितीकडून गोळा झालेल्या अमोनाइटांवरही त्याने लिहिलं आणि 1865 मध्ये, पस्तिशीही न गाठता तो वारला. आज युरोपातला जुरासिक कालखंड अमोनाइटांच्या आधारे सत्तरहून अधिक पट्ट्यांत विभागलेला आहे. कालखंड सुमारे साडेपाच कोटी वर्षांचा, म्हणजे एका पट्ट्याच्या वाट्याला सरासरी 8 लाख वर्षं किंवा त्याहूनही कमी येतात. आपली मानवजात सुमारे 3 लाख वर्षांची. म्हणजे आपला सगळा इतिहास अशा एका पट्ट्याच्या अर्ध्यातही मावतो.

शंख फक्त क्रम सांगतो. वर्षांचा आकडा देतो ज्वालामुखीच्या राखेतला झिरकॉन नावाचा स्फटिक. त्यातलं युरेनियम ठरलेल्या गतीने शिशात बदलतं. युरेनियम-238 पैकी निम्मं उरायला 447 कोटी वर्षं लागतात. ही गती ठाऊक असल्यामुळे शिसं आणि युरेनियम यांचं प्रमाण मोजून राखेचं वय निघतं आणि राखेच्या वरखाली असलेल्या अमोनाइटांचंही.

आता 15 कोटी ही संख्या नुसती वाचून काहीच होत नाही. 15 लाख आणि 15 कोटी, दोन्ही कानाला सारखेच मोठे वाटतात. म्हणून एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर धरू आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून रुळांच्या कडेने भूतकाळात जाऊ. शिवराज्याभिषेक 35 सेंटिमीटरवर येतो. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी दोन-सव्वादोन मीटरवर. पहिला माणूस 300 मीटरवर, म्हणजे चोवीस डब्यांची गाडी उभी असेल तर तिच्या मध्याच्या जरा पुढे. त्यानंतर दादर, ठाणे, डोंबिवली जातात तरी माणसाचा पत्ता नाही. कल्याण यायच्या थोडं आधी, 50 किलोमीटरवर, भारताचा भूखंड आशियाला धडकतो. बदलापूरच्या दोन किलोमीटर अलीकडे दख्खनचा लाव्हा वाहतो, आणि तिथेच डायनोसॉर व अमोनाइट दोघंही संपतात. शाळिग्राम अजून लांब आहे. कर्जत सोडायचं, घाट चढून लोणावळा मागे टाकायचं, तेव्हा कामशेत ते तळेगाव या टप्प्यात तो भेटतो. अमोनाइटांच्या कुळाचा आरंभ गाठायचा तर पुणे आणि कुर्डुवाडीही ओलांडून सोलापूरच्या वाटेला लागावं लागेल, कारण तो 41 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आणि पृथ्वीच्या जन्मापर्यंत 4,540 किलोमीटर. दिब्रुगढ ते कन्याकुमारी हा देशातला सर्वांत लांब रेल्वेप्रवास सुमारे 4,200 किलोमीटरचा, तोही इथे अपुरा पडतो.

त्या एवढ्या लांबीत या कुळाने सुमारे 34 कोटी वर्षं काढली. आकारही तसेच टोकाचे. काही जाती पूर्ण वाढून सेंटिमीटरभराच्या असत, तर जर्मनीत झेपेनराडे इथे 1895 मध्ये मिळालेल्या अमोनाइटचा व्यास 1.74 मीटर भरला, आणि तोही शंख अपुरा आहे.

हिशेबात आणखी एक गोम आहे. वर्ष म्हणजे 365 दिवस, हे नेहमी खरं नव्हतं. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं मंदावत आलं आहे, म्हणून पूर्वी दिवस लहान होते आणि वर्षात जास्त बसत. याची नोंद शिंपल्यांनीच ठेवली. काही शिंपले रोज एक सूक्ष्म थर चढवतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीच्या एका शिंपल्याचे थर मोजले, तेव्हा वर्षात 372 दिवस निघाले, प्रत्येक सुमारे साडेतेवीस तासांचा. त्याआधी 1963 मध्ये जॉन वेल्स यांनी सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रेषा मोजल्या होत्या, तिथे वर्षाला 400 च्या आसपास दिवस आले. शाळिग्रामातला अमोनाइट या दोहोंच्या मधला, म्हणजे त्याच्या वर्षात 372 हून जास्त दिवस होते. 

तो समुद्र म्हणजे टेथिस. भारत तेव्हा दक्षिण गोलार्धात, गोंडवन भूखंडाचा भाग होता आणि त्याच्या उत्तरेच्या उथळ किनाऱ्यावर हा चिखल साचत होता. तिथून आजच्या जागेपर्यंत या थरांचा प्रवास सहा-सात हजार किलोमीटरचा झाला. मधल्या काळात भारताचा वेग वर्षाला 15 सेंटिमीटरच्या पुढे गेला होता. आज तो 5 सेंटिमीटरच्या आसपास आहे. 5 सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण 1 कोटी वर्षांनी गुणलं की 500 किलोमीटर होतात.

उंचीचा हिशेब याहून चमत्कारिक आहे. ज्या मुक्तिनाथच्या परिसरातल्या थरांतून शाळिग्राम येतात, ते सुमारे 3,700 मीटरवर आहे. समजा शंख समुद्रतळापासून 4,000 मीटर उचलला गेला आणि त्याला 5 कोटी वर्षं लागली, तर सरासरी वर्षाला 0.08 मिलिमीटर. हिमालयाचे काही भाग आज वर्षाला काही मिलिमीटरनी वर येतात. 5 मिलिमीटर धरले आणि झीज अजिबात झाली नाही असं मानलं, तर 5 कोटी वर्षांत डोंगर 250 किलोमीटर उंच व्हायला हवा होता. प्रत्यक्षात सर्वांत उंच शिखर 8,849 मीटरचं. बाकीचं सगळं पावसाने, हिमनद्यांनी आणि नद्यांनी नेलं.

काळी गंडकी त्यातलीच एक. धौलगिरी 8,167 मीटर, अन्नपूर्णा 8,091 मीटर आणि दोघांच्या मधून ती 2,500 मीटरच्या आसपास वाहते, म्हणजे शिखरांपासून पात्रापर्यंत साडेपाच हजार मीटरची उतरण. पुढे नारायणी, मग गंडक होऊन ती पाटण्यापाशी गंगेला मिळते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे 100 कोटी टन गाळ बंगालच्या उपसागराकडे नेतात. तो उपसागराच्या तळाशी सुमारे 3,000 किलोमीटर लांबीच्या पंख्यासारखा पसरला आहे. समुद्रातून वर आलेला चिखल समुद्रात परत चालला आहे. पात्रात हाती लागलेला शाळिग्राम हा त्या परतीच्या वाटेवर उचलला गेलेला अपवाद.

कोटींचे आकडे डोक्यात मावत नाहीत, आणि ते मावायची गरजही नाही. भागून पाहिले की पुरतं. आपल्या खालची जमीन आजही ईशान्येकडे सरकतेच आहे. वर्षाला 5 सेंटिमीटर हा दर घेऊन पंचाहत्तर वर्षांनी गुणलं, तर पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाच्या घराने त्याच्या जन्मापासून पावणेचार मीटरची मजल मारलेली असते, देवघर आणि त्यातला अमोनाइट यांच्यासकट.