ॲम्प एकट्याने ऐकायचा नसतो

कार्यक्रमाआधी गिटारवादक ॲम्प लावतो तेव्हा तो बहुधा एकटाच वाजवत असतो. ड्रमवाला अजून झांजा बसवतोय, बेसवाला सूर जुळवतोय, गायक पोहोचलेलाच नाही. त्या शांततेत नॉब फिरवून जो आवाज भरदार लागतो तोच कायम होतो. मग पहिलं गाणं सुरू झालं की तो आवाज बँडमध्ये बुडतो, नाहीतर पहिल्या रांगेच्या कानात घुसतो. दोष दिला जातो वॅटना, कंपनीला किंवा साउंडवाल्याला. मंचावरच्या गिटार ॲम्पबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच गृहीतकातून निघालेले दिसतात. ॲम्प ही स्वतंत्र वस्तू आहे आणि तिचा आवाज एकट्याने ऐकून चांगला-वाईट ठरवता येतो, असं धरून चाललं जातं. वस्तुस्थिती अशी, की तो आवाज स्पीकर, खोली, शेजारची वाद्यं, सभागृहाची ध्वनियंत्रणा आणि ऐकणाऱ्याची जागा यांनी मिळून ठरतो.

मोठा कार्यक्रम म्हणजे मोठा ॲम्प, हा समज जुना आहे आणि एके काळी तो बराचसा खराही होता. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स उभे राहिले तेव्हा समोर 55 हजारांहून अधिक माणसं होती. गिटारसाठी व्हॉक्सचे 100 वॅटचे ॲम्प होते आणि गायनासाठी मैदानातल्या घोषणांचे स्पीकर. किंकाळ्यांपुढे दोन्ही अपुरे पडले. त्याच वर्षी लंडनमध्ये जिम मार्शलने ‘द हू’ या बँडसाठी 100 वॅटचा ॲम्प काढला. चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या एकावर एक आणि वर ॲम्प, ही रचना तेव्हापासून रॉक संगीताची ओळख होऊन बसली. पण 1969 मध्ये वुडस्टॉकला बिल हॅन्लीच्या ध्वनियंत्रणेने लाखोंच्या जमावापर्यंत संगीत पोहोचवलं आणि पुढच्या काळात मैदान भरण्याचं काम हळूहळू ॲम्पकडून मिक्सरकडे गेलं. आज पुण्या-मुंबईच्या सभागृहात किंवा गोव्यातल्या फेस्ताच्या मंचावर ॲम्पसमोर माइक असतो आणि प्रेक्षकांना ऐकू येतो तो त्या माइकने उचललेला आवाज. मोठ्या पेट्यांची भिंत उरली ती बरीचशी शोभेला. काही बँडच्या मंचावर त्यातल्या अनेक पेट्या रिकाम्या असतात, हे जाणकारांना ठाऊकच आहे.

वॅटचं गणितही वाटतं तसं नाही. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त 3 डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. 50 वॅटच्या ॲम्पच्या दुप्पट मोठं वाजवायचं तर 100 नव्हे, 500 वॅट हवेत. याउलट स्पीकर बदलून काही डेसिबलचा फरक जवळजवळ फुकट मिळतो. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक एका वॅटला एक मीटरवर 98 डेसिबल देतो, त्याच कंपनीचा व्हिंटेज 30 देतो 100. म्हणजे कागदावर 20 वॅटचा ॲम्प दुसऱ्या स्पीकरवर 113 डेसिबलपर्यंत जातो आणि 50 वॅटचा पहिल्या स्पीकरवर 115 पर्यंत. वॅट अडीचपट, फरक दोन डेसिबलचा. तरीही दुकानात प्रश्न विचारला जातो तो वॅटचा, स्पीकरचा नाही. ट्यूबचा वॅट ट्रान्झिस्टरच्या वॅटपेक्षा मोठा असतो, हीसुद्धा अर्धवट गोष्ट. वॅट दोन्हीकडे सारखाच. ट्यूबचा ॲम्प मर्यादेपलीकडे गेला तरी त्याची विकृती कानाला गोड लागते, म्हणून वादक त्याला बिनदिक्कत ताणतो. ट्रान्झिस्टरचा तसा ताणवत नाही. पण 1975 पासून बनत असलेला रोलंडचा जेसी-120 पूर्ण ट्रान्झिस्टरचा आहे आणि त्याचा स्वच्छ आवाज भल्याभल्या ट्यूब ॲम्पना पुरून उरतो.

यावर अनुभवी वादकाचा आक्षेप ठरलेला असतो. मोठा ॲम्प मोठा वाजवल्यावरच खुलतो, स्पीकर हलला पाहिजे, पँटला वारा लागला पाहिजे. त्यात तथ्य आहे. पॉवर ट्यूब आणि स्पीकर ताणाखाली वेगळे वागतात, आणि गिटारचा सूर लांबवणारा फीडबॅक तारेपर्यंत पुरेसा आवाज पोहोचल्याशिवाय येत नाही. पण या दोन्ही गोष्टींना लागतो तो ताण, वॅटचा मोठा आकडा नव्हे. 100 वॅटचा ॲम्प ताणाला येईपर्यंत मंच असह्य झालेला असतो. 15-20 वॅटचा त्याच अवस्थेला कितीतरी आधी पोहोचतो. ज्याला कडक, स्वच्छ, न फुटणारा आवाज हवा आहे, त्याला मात्र जास्त वॅट खरोखरच लागतात, कारण ती शक्ती न फुटण्यासाठी राखीव ठेवायची असते. त्यामुळे ॲम्प निवडताना हॉलमध्ये खुर्च्या किती हे विचारण्यापेक्षा आवाज कुठे फुटायला हवा हे विचारलेलं बरं.

दिशेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. आवाज खोलीभर सारखा पसरतो असं आपण धरून चालतो. बारा इंची स्पीकर साधारण 30 सेंटिमीटर रुंद असतो, आणि हवेत 30 सेंटिमीटर तरंगलांबी म्हणजे सुमारे 1150 हर्ट्झ. त्याच्या खालचे सूर चहूकडे पसरतात; जसजसं वर जावं तसतसे ते टॉर्चच्या झोतासारखे समोर एकवटतात. ॲम्प जमिनीवर आणि वादक दीड मीटर पुढे उभा, तर त्याचे कान त्या झोताच्या चाळीसेक अंश वर असतात. त्याला ट्रेबल कमी ऐकू येतो, तो नॉब वाढवतो, पुन्हा वाढवतो. झोत पायांमधून निघून थेट समोर बसलेल्या माणसाच्या कानावर आदळतो. गिटार कर्कश झाल्याची तक्रार येते तेव्हा वादकाला ती अन्यायाची वाटते, कारण त्याच्या जागेवर खरोखरच तसं काही ऐकू येत नसतं. उपाय फुकटचा आहे. ॲम्प खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलता ठेवावा, म्हणजे स्पीकरचं तोंड वाजवणाऱ्याच्या डोक्याकडे येईल. मग तोच वादक स्वतःहून ट्रेबल कमी करतो आणि व्हॉल्यूमही. फीडबॅक हवा असणाऱ्यांनाही हीच मांडणी सोयीची, कारण कमी आवाजात तार थरथरू लागते. छोट्या हॉटेलात किंवा अंगणात, जिथे गिटारला माइक नसतो आणि ॲम्पनेच सगळं भागवायचं असतं, तिथे तर पेटी उचलून ठेवणं हा सर्वांत स्वस्त ‘मोठा ॲम्प’ आहे.

आता नॉबकडे वळू. सगळे नॉब मधोमध ठेवले की आवाज सपाट, म्हणजे मूळचा तसाच, हा समज जवळपास सार्वत्रिक आहे. फेंडर आणि मार्शल परंपरेतल्या टोन सर्किटबाबत तो चुकीचा आहे. ही सर्किटं काही वाढवत नाहीत, फक्त कमी करतात, आणि तिन्ही नॉब मध्यावर असताना काहीशे हर्ट्झच्या आसपास चांगला खड्डा पडलेला असतो. तिथे सपाट आवाज हवा असेल तर मिड पूर्ण उघडून बेस आणि ट्रेबल जवळजवळ बंद करावे लागतात. मध्याचा तो खड्डा घरी गोडच वाटतो, आणि त्याला कानाचंही कारण आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिलं, की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा बरेच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ही तफावत घटते. म्हणून घरी कमी व्हॉल्यूमवर वाढवलेला बेस मंचावर अचानक फुगतो. शिवाय मंचावर त्या जागा आधीच घेतलेल्या असतात. गिटारची सर्वांत खालची तार 82 हर्ट्झची, बेस गिटारची 41 ची. 80 ते 150 च्या पट्ट्यात बेस आणि ड्रमचा कब्जा असतो. वर झांजांचा. गिटारला स्वतःची म्हणावी अशी जागा उरते ती मध्यातली, साधारण 400 हर्ट्झपासून दोन-तीन हजारांपर्यंत, आणि तीही गायकाबरोबर वाटून घ्यायची. घरी हौसेने कापलेला मिड म्हणजे तीच जागा सोडून देणं. बँडबरोबर ऐकू येणारा गिटारचा आवाज एकट्याने ऐकला तर बहुतेकदा पातळ आणि थोडा नाकातला वाटतो. वाटू द्यावा. श्रोता तो एकट्याने ऐकणारच नाही.

गेनबद्दलही हेच. गेन वाढवला की आवाज जाड होतो, असं एकट्याने वाजवताना खरंच वाटतं. प्रत्यक्षात विकृती वाढते तसा हळू आणि जोरात यांतला फरक पुसला जातो, छेडलेल्या सुराचं टोक बोथट होतं, आणि गर्दीत सूर ओळखायला कानाला लागतं ते हेच टोक. एसी/डीसीचा माल्कम यंग ऐकणाऱ्यांना वाटतं त्याहून बराच कमी गेन वापरायचा. त्याच्या तालाचा कडकपणा त्यातूनच आला. घरच्या सेटिंगपेक्षा गेन चांगला कमी करून मास्टर व्हॉल्यूम तेवढा वाढवावा आणि पूर्ण बँडबरोबर एक गाणं वाजवून पाहावं. सोलो ऐकू येत नाही म्हणून गेन वाढवणाऱ्या पेडलऐवजी निव्वळ पातळी चढवणारं पेडल, तेही इफेक्ट्स लूपमध्ये लावलं तर अधिक कामाला येतं.

माइक कुठेही टेकवला तरी चालतो, बाकीचं साउंडवाला बघेल, ही समजूत त्या बिचाऱ्यावर फार भार टाकते. 1965 पासून बाजारात असलेला शुअरचा एसएम57 स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर धरला तर आवाज धारदार येतो. दोन-तीन इंच कडेला सरकवला तर ऊबदार. मिक्सरवरच्या कुठल्याही नॉबपेक्षा हा बदल ठळक असतो. ॲम्प न आणता डिजिटल मॉडेलरवरून थेट मिक्सरला जाणाऱ्यांचा घोटाळा उलटा असतो. गिटारचा स्पीकर साधारण 5000 हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवतच नाही. ती गाळणी काढून विकृत आवाज थेट मोठ्या स्पीकरना दिला की माश्या घोंगावल्यासारखं ऐकू येतं, म्हणून तिथे स्पीकरची नक्कल चालू हवी. तेच मॉडेलर खऱ्या गिटार पेटीला जोडलं तर ती नक्कल बंद हवी, नाहीतर एकच गाळणी दोनदा लागून आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो.

एवढं सगळं करण्यापेक्षा आवाजच वाढवला तर काय बिघडलं, असंही म्हटलं जातं. शेवटी रॉक म्हणजे दणका. बिघडतं ते असं, की मंचावरचा ॲम्प जोरात असला की तो गायकाच्या माइकमध्ये शिरतो, आणि मग साउंडवाल्याने गिटारचा चॅनल पूर्ण बंद केला तरी गिटार खाली येत नाही. कानाचा हिशोबही कडक आहे. 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित मानले जातात आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं आणि न्यायालयांभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र आखलं. मुंबईतलं धोबीतलावचं रंगभवन, जिथे रॉकच्या पिढ्या घडल्या, याच नियमात सापडून मैफलींना मुकलं.

राहता राहिला हम, आणि इथला गैरसमज जिवावर बेततो. ॲम्प गुणगुणतो म्हणून तीन पिनी प्लगची अर्थची पिन काढायची किंवा तिच्यावर टेप गुंडाळायची, हा ‘उपाय’ मांडवामांडवात सांगितला जातो. गुणगुण थांबतेही, कारण ॲम्प आणि मिक्सर दोन वाटांनी अर्थला जोडलेले असताना तयार झालेला फेरा तुटतो. पण गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अर्थ नसलेल्या ॲम्पमध्ये बिघाड होऊन सांगाड्यात 230 व्होल्ट उतरले, तर ते तारांमध्ये येतात, आणि वादकाचा ओठ किंवा हात मिक्सरमार्फत अर्थ झालेल्या माइकला लागला की प्रवाह त्याच्या अंगातून जातो. दोष माइकच्या बाजूला असला तरी परिणाम तोच. मे 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग सदोष असलेल्या माइकला हात लावताच प्रेक्षकांसमोर मंचावर कोसळला आणि गेला. हमचा फेरा तोडायचा तो विजेच्या तारेत नाही, आवाजाच्या तारेत. डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका त्यासाठीच असतो. त्याआधी ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवून पाहावेत, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. जनरेटरवरच्या कार्यक्रमात अर्थिंग तपासून घ्या, गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी आहे ना ते विचारा, आणि दोन्ही नसतील तर तिथे गिटार लावू नका.