‘कमावलेले शरीर’ : तालमीच्या परिभाषेतील कौशल्य आणि मनोवृत्ती

शरीरशिक्षणाचा विचार करताना दोन अंगे बहुधा निरनिराळी मानली जातात. एखादी क्रिया बिनचूक करता येणे हे पहिले अंग, म्हणजे कौशल्य; आणि ती शिकत असता येणाऱ्या अपयशाकडे पाहण्याची मनाची ठेवण हे दुसरे, म्हणजे मनोवृत्ती. या दोहोंची सांगड कशी घालावी, हा प्रश्न जळगाव व धुळे या जिल्ह्यांत केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. येथील खेड्यापाड्यांतून अनेक तरुण-तरुणी पोलीस भरतीची तयारी करीत असतात. शिपाईपदाच्या ५० गुणांच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व स्त्रियांना ८०० मीटर धाव, शिवाय दोघांनाही १०० मीटर धाव आणि गोळाफेक, अशा कसोट्या असतात. वयाची मर्यादा ठरलेली असल्यामुळे संधीही मोजक्याच. काही सेकंदांनी दोनदा मागे पडलेला उमेदवार ‘हे माझ्या अंगातच नाही’ असे ठरवून मैदान सोडतो, तेव्हा एका कुटुंबाने वर्षानुवर्षे जपलेली आशा मावळते. अशांसाठी सकाळी मैदानावर सराव आणि सायंकाळी धीर देणारे व्याख्यान, अशी वाटणी सोयीची वाटते. ती कितपत सयुक्तिक आहे, हे कुस्तीच्या तालमीतील परिभाषेच्या आधारे तपासता येते.

‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ ‘शिकवण’ असा आहे; ज्ञानवाचक ‘इल्म’ हा शब्द त्याच धातूपासून झाला आहे. मराठीत तो व्यायामाच्या जागेलाही लागला आणि नाटकाच्या पूर्वाभ्यासालाही. म्हणजे ज्या ठिकाणी जोर-बैठका काढावयाच्या, त्या ठिकाणाचे नावच मुळी शिकण्यावरून पडले आहे. ‘मेहनत’ या शब्दाच्या अरबी मुळाचा अर्थ कसोटी किंवा संकट. ‘कसरत’ या शब्दाच्या मुळाचा अर्थ विपुलता. फारसीतून आलेला ‘दम’ म्हणजे श्वास; परंतु मराठीत ‘दम लागणे’, ‘दम धरणे’ आणि ‘अंगात दम असणे’ या प्रयोगांत तोच शब्द अनुक्रमे धाप, धीर आणि सामर्थ्य सुचवितो. शरीर व मन यांना जोडणारा पूल भाषेने येथे आधीच बांधून ठेवलेला आहे.

याहून महत्त्वाची बाब क्रियापदांची. पैलवानाचे शरीर ‘कमावलेले’ असते, डावावर हात ‘बसतो’, एखादी लकब ‘अंगवळणी पडते’, शिकवण अंगात ‘मुरते’. या सर्व प्रयोगांत काळ गृहीत धरलेला आहे. जे कमावले जाते ते जन्मतः मिळालेले नसते; जे मुरावयाचे असते त्याला वेळ द्यावाच लागतो. याच्या उलट ‘उपजत’, ‘जात्याच’, ‘रक्तातच असावे लागते’ हे प्रयोग गुणाला स्थिर मानतात. दोन्ही प्रकारची भाषा मराठीत नांदते, तालमीतही नांदते. प्रशिक्षक त्यांपैकी कोणती निवडतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आधुनिक मानसशास्त्राने हाच भेद प्रयोगांनी तपासला. क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही मुलांच्या बुद्धीची, तर काहींच्या प्रयत्नांची स्तुती करण्यात आली. पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर बुद्धीची स्तुती झालेली मुले अधिक लवकर खचली. तथापि केवळ उपदेशाने मनोवृत्ती पालटते, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरील एका अभ्यासात (२०१९), ‘बुद्धी वाढू शकते’ हे समजावून देणाऱ्या छोट्या पाठाचा कमी गुणांच्या विद्यार्थ्यांना झालेला लाभ निश्चित, परंतु अल्प होता. शिवाय भोवतालच्या विद्यार्थ्यांचे वळण अनुकूल असेल तेथेच तो ठळक दिसला.

उपदेश अपुरा का पडतो, याची उपपत्ती ॲल्बर्ट बँड्यूरा यांच्या १९७७ मधील विवेचनात सापडते. ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे त्यांनी चार उगम सांगितले : स्वतः एखादी गोष्ट साधल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ती साधताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि स्वतःच्या शारीरिक अवस्थेचा लावलेला अर्थ. यांत पहिला उगम सर्वांत प्रभावी आणि तो कौशल्याशिवाय शक्य नाही. दुसऱ्या उगमाचे उदाहरण खानदेशातच आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी येथील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब जिंकला व पुढे ते पोलीस दलात अधिकारी झाले. त्याच मातीतील मुलास हे यश दूरच्या विजेत्याच्या यशापेक्षा अधिक काही सांगते.

कौशल्य व मनोवृत्ती यांचा खरा संयोग वस्तादाच्या दुरुस्तीच्या वाक्यात होतो. प्रतिस्पर्ध्याने पट काढून शिष्याला खाली घेतले, अशी कल्पना करावी. ‘तू भित्रा आहेस’ या वाक्यात दोष व्यक्तीवर ठेवला आहे आणि उपाय काहीच नाही. ‘पाय मागे घ्यायला उशीर केलास, पुन्हा धर’ या वाक्यात दोष क्रियेवर आहे, तो सुधारता येणारा आहे, आणि सुधारण्याची संधी लगेच पुढे ठेवलेली आहे. दुसऱ्या वाक्याने डावही शिकविला जातो आणि अपयशाचा अर्थही. त्यासाठी वेगळे व्याख्यान लागत नाही. अर्थात ‘मेहनत कर’ एवढेच म्हणत राहणे म्हणजेही अशी दुरुस्ती नव्हे. चुकीच्या रीतीने काढलेले हजार जोर चूकच पक्की करतात. आणि यश न आल्यास सारा दोष शिष्याच्या आळसावर येतो.

परंपरागत तालमीला आदर्श मानण्याचे मात्र कारण नाही. तिची दारे दीर्घकाळ मुलींना बंद होती, आणि पाणउतारा हे शिकवण्याचे साधन समजणारे वस्तादही असत. तिच्यातून उचलण्याजोगी गोष्ट म्हणजे क्रमवारी. ती भरतीच्या मैदानावरही लागू पडते. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या धावपट्टीचे चार फेरे. ‘तुझा दम कमी आहे’ असे सांगण्याऐवजी पहिला फेरा किती सेकंद वेगाने धावला गेला व त्यामुळे तिसरा किती मंदावला, हे दाखविता येते. पुढच्या आठवड्यात पहिला फेरा आवरून तिसरा सांभाळणे, एवढेच उद्दिष्ट ठेवता येते. ते साधले की उमेदवाराच्या हाती स्वतःच्या प्रगतीचा पुरावा येतो. धाप लागणे ही दुर्बलतेची खूण नसून श्रमाची स्वाभाविक परिणती आहे, हेही त्याच वेळी समजावता येते.

तात्पर्य, मनोवृत्ती हा प्रशिक्षणाला बाहेरून जोडावयाचा स्वतंत्र विषय नव्हे. प्रत्येक दुरुस्तीच्या शब्दयोजनेतच ती घडत किंवा बिघडत असते. प्रशिक्षकांच्या शिक्षणात शरीररचना व सरावाची आखणी यांच्या जोडीला प्रत्यक्ष मैदानावर उच्चारलेल्या वाक्यांचे ध्वनिमुद्रण व परीक्षण यांनाही स्थान असावे. खानदेशात मराठी आणि अहिराणी या दोन्ही भाषांतून असे संकलन होऊ शकेल. शरीरशिक्षणाइतकाच भाषाविज्ञानालाही त्याचा उपयोग आहे.